विशाखापट्टणमला सहा दिवस: समुद्र सोडून मागच्या डोंगरात कुठे जावं?

जळगावकरीण

राम राम मंडळी.

मे महिन्यात आम्ही सहा जण विशाखापट्टणमला निघालोय. मी, हे, दोन पोरं (थोरला ११, धाकटी ६) आणि सासू-सासरे. समुद्र हा पोरांचा हट्ट. त्यांनी आजवर मोठं पाणी म्हणजे मेहरूणचा तलाव आणि हतनूरचं धरण एवढंच पाहिलंय. पण मला माझं घर माहीत आहे. पहिल्या दिवशी सगळे लाटांत, दुसऱ्या दिवशी निम्मे, आणि तिसऱ्या दिवशी सासरे खुर्चीत बसून विचारणार, "आता इथे आणखी काय आहे?"

मागे डोंगर आहेत एवढं कळलंय. आरकू, बोर्रा गुहा, लंबसिंगी अशी नावं कानावर आलीत. हॉटेलवाल्याने फोनवरच बसची टूर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. सकाळी सहाला निघायचं, अकरा ठिकाणं, रात्री नऊला परत. अकरा! सासूबाईंचे गुडघे धरतात, धाकटीला घाटात उलटी होते, आणि सासऱ्यांना दुपारी अर्धा तास आडवं झाल्याशिवाय चालत नाही.

कुणी जाऊन आलंय का? एका दिवसात काय होतं आणि काय होत नाही, ते खरं खरं सांगा. नकाशा मीही बघितलाय, नकाशात सगळं जवळच दिसतं.

पाटणादेवीवाला

वहिनी, ती अकरा ठिकाणांची बस मी केलीय. कुणाची होती ते सांगत नाही.

सहाची बस पावणेआठला निघाली, कारण पाच हॉटेलांवरून माणसं गोळा करायची होती. मग नाश्त्याला पाऊण तास. मग एका पॉइंटवर उतरवलं, तिथे धुकं इतकं की समोर फक्त दुसरी बस दिसत होती. बोर्र्याला पोचलो तेव्हा एक वाजला होता आणि रांगेत शाळांच्या चार सहली. गुहेला पस्तीस मिनिटं दिली. आरकूच्या म्युझियमपाशी गाईड म्हणाला, "बीस मिनट, वॉशरूम मिला के." आठव्या नंबरचं ठिकाण म्हणजे कॉफी-चॉकलेटचं दुकान होतं. तिथे मात्र एक तास!

परत यायला साडेअकरा. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचे १४० फोटो आहेत, त्यातले नव्वद बसच्या काचेतून काढलेले.

रावेरचा केळीवाला

मला एक कळत नाही. उशाशी सातपुडा आणि आपण एक दिवस एक रात्र गाडीत बसून डोंगर बघायला पूर्व घाटात जाणार? पाल आहे, सुकी नदीचं धरण आहे, मनुदेवी आहे. तोरणमाळ तर उंचीला आरकूच्या वर जातं. ते साडेअकराशे मीटरच्या आसपास, आरकू नऊशेच्या थोडं वर. सातपायरीचा घाट चढा, यशवंत तलावाकाठी बसा, मुक्कामी परत या. तेलुगू यायची गरज नाही.

जळगावकरीण

भाऊ, मे महिन्यात मनुदेवीच्या धबधब्याखाली उभं राहून काय अंगावर धूळ घ्यायची? पाल आम्ही दर पावसाळ्यात करतो. समुद्राच्या गावी जायचं ठरलंच आहे, तिकिटंही काढायला घेतलीत. तिथून मागे कुठे वळायचं एवढंच विचारतेय.

रावेरचा केळीवाला

बरं बाई. मग येताना कॉफी आणा.

निवृत्त गार्ड, भुसावळ

ताई, जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

मी मालगाडीवर आणि नंतर मेलवर गार्ड होतो. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात म्हणे, म्हणोत बापडे. पासवर दोनदा वाल्टेरला जाऊन आलो. वाल्टेर म्हणजेच विशाखापट्टणम, स्टेशनचं जुनं नाव ते, आमच्या वयाच्या लोकांच्या तोंडी अजून तेच येतं.

आधी जायचं कसं. गांधीधाम-विशाखापट्टणम गाडी भुसावळवरून जाते, पण आठवड्यातून एकदाच. तिचा वार जमला नाही तर सुरत-नंदुरबारकडून येणाऱ्या पुरीच्या ज्या गाड्या रायपूर-टिटलागढ-रायगडामार्गे जातात त्यातली एक धरा आणि विजयनगरमला उतरा. तिथून विशाखापट्टणम ६० किलोमीटर आहे, गाड्यांना तोटा नाही. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. ते ध्यानात ठेवा, नाहीतर आमच्या मेहुण्यासारखे चार महिने आधीच खिडकीवर जाल.

आता डोंगर. माझं सांगणं एका ओळीत: रेल्वेने चढा, रस्त्याने उतरा, आणि आरकूच्या आधी बोर्र्याला उतरा.

विशाखापट्टणमहून पहाटे, म्हणजे पावणेसातच्या आसपास, किरंदूलची पॅसेंजर सुटते. ही लाईन माणसांसाठी बांधलेलीच नाही. बस्तरमधल्या बैलाडिल्याचं लोखंडाचं खनिज बंदरावर आणायचं आणि तिथून जपानला धाडायचं, यासाठी साठच्या दशकात डोंगर फोडून कोत्तवलसा ते किरंदूल ही लाईन टाकली. आम्ही रेल्वेवाले तिला केके लाईन म्हणतो. सगळ्या लाईनवर मिळून ५८ बोगदे. चढ आपल्या कसारा घाटाइतका उभा नाही (आपल्याकडे ३७ ला १ आहे, म्हणून तर मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात), पण कसारा अर्ध्या तासात संपतो आणि हा चढ संपतच नाही. पहिला तासभर सपाट भातखाचरं, नारळ, ताडाची झाडं. बोड्डवराच्या पुढे गाडी डोंगराच्या कुशीत शिरते आणि मग बोगदा, पूल, दरी, बोगदा. शिवलिंगपुरम, त्याडा, चिमिडीपल्ली अशी छोटी छोटी स्टेशनं. एखाद्या ठिकाणी गाडी वीस मिनिटं उभी राहिली तर वैतागू नका. वरून खनिजाने भरलेली मालगाडी उतरत असते, तिला वाट द्यावी लागते. तीन इंजिनं लावलेली ती गाडी शेजारून घरघरत जाते तेव्हा मी तर उठून उभा राहिलो होतो. सवयीने हात हिरव्या झेंडीसाठी बाजूला गेला.

या गाडीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा असतो, २०१७ पासून. खुर्च्या फिरतात, सासऱ्यांना हवं तिकडे तोंड करून बसता येईल. जागा मोजक्याच आणि पटकन जातात. नाही मिळाली तर साध्या डब्यात खिडकी धरा, तिथे वारा तरी लागतो.

बोर्रा गुहालू स्टेशनला साडेनऊ-दहाच्या सुमारास पोचता. बस टूरवाले तिथे दुपारी येतात, वरचा पाटणादेवीवाल्यांचा अनुभव वाचलात ना. स्टेशनवरून गुहा जवळ आहे. सासूबाईंसाठी रिक्षा किंवा जीप बघा.

विशाखापट्टणमहून एक सहा-सात आसनी गाडी आदल्या दिवशी ठरवून ठेवा. ती रिकामी पहाटे निघून बोर्र्याला तुमची वाट बघेल. मग तिनेच अनंतगिरीच्या कॉफीच्या बागांतून आरकूला जा, तिथे फार तर दोन गोष्टी बघा आणि चारच्या आत परतीला लागा. शृंगवरपुकोटापर्यंतचा घाट उजेडातच उतरलेला बरा. तिथून पुढे सपाटी. आरकू ते शहर ११५ किलोमीटर आहे, पण ते आपले धुळे हायवेचे किलोमीटर नाहीत. साडेतीन तास धरा.

आणि हो, बोर्रा ते आरकूच्या मधे शिमिलीगुडा नावाचं स्टेशन आहे. समुद्रसपाटीपासून ९९६ मीटर. ब्रॉडगेजवरचं देशातलं सगळ्यात उंच स्टेशन म्हणून त्याची वर्षानुवर्षं शेखी होती, पुढे काश्मीरची लाईन झाली आणि तो मान गेला. बोर्र्याला उतरलात तर ते रेल्वेने लागणार नाही, एवढी एक चुटपूट राहील. मला राहिली होती, म्हणून दुसऱ्यांदा गेलो.

अमळनेरची ताई

काकांनी काही शिल्लकच ठेवलं नाही! आमचे हे नेव्हीत होते, सात वर्षं विझागला (म्हणजे विशाखापट्टणमलाच) काढलीत, म्हणून थोडी भर.

१. आर. के. बीचवर पोरांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. लाट दिसते साधी, पण परत जाताना पाय ओढते. ऋषिकोंड्याला जरा बरं, तरी हात सोडायचा नाही.

२. हिंदी चालतं. नेव्ही, पोलाद कारखाना आणि रेल्वे यांच्यामुळे शहरात देशभरची माणसं आहेत. वर डोंगरात मात्र तेलुगू, उडिया आणि आदिवासींच्या आपल्या बोली. हातवारे आणि हसू यावर काम भागतं.

३. उलटीचं: रेल्वेने चढलात तर धाकटीला काहीच होणार नाही. उतरताना गाडीत पुढच्या सीटवर बसवा आणि आरकूला पोटभर जेवू घालू नका.

४. मे महिन्यात कटिकी धबधब्याचा आग्रह धरू नका. बोर्र्याजवळ जीपवाले मागे लागतील, रस्ता हाडं खिळखिळी करणारा आणि पाणी बेताचं. सासूबाईंना तर बिलकूल नेऊ नका. हाच धबधबा सप्टेंबर-ऑक्टोबरात वेगळा असतो.

५. आरकूला म्हणून गारठा असेल अशा भ्रमात राहू नका. मे मध्ये तिथेही दुपारी ऊन लागतं. पण भुसावळच्या ४५-४६ मधून गेलेल्या माणसाला ते ऊन वाटणारच नाही, वाऱ्यावर बसल्यासारखं वाटेल. तिसऱ्या प्रहरी वळवाचा पाऊस येऊ शकतो, छत्री ठेवा.

आता एक गंमत सांगते. बोर्र्याच्या गुहेखालून जी नदी वाहते तिचं नाव गोस्तनी. गाय आणि स्तन, बरोबर ओळखलंत. तिथली गोष्ट अशी की एक गाय चरता चरता वरच्या भोकातून गुहेत पडली, गुराखी तिला शोधत खाली उतरला तर आत पिंड. म्हणून गुहेत शंकराचं ठाणं आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते. हीच गोस्तनी डोंगर उतरून ताटिपुडीच्या धरणात येते, तिथलं पाणी शहरात जातं. आणि तीच पुढे भीमिलीला समुद्राला मिळते. भीमिली शहरापासून किनाऱ्या-किनाऱ्याने पंचवीस-तीस किलोमीटर. एक दिवस डोंगरात नदीचा जन्मगाव बघा, दुसऱ्या दिवशी भीमिलीला तिचं सासर. पोरांना मजा येईल.

जळगावकरीण

काका, ताई, तुमचे दोघांचे पाय कुठे आहेत? सगळं वहीत लिहून घेतलं.

आता नवीन पेच. सासूबाईंना कुणीतरी सिंहाचलमचं सांगितलंय. तिथल्या नरसिंहाला वर्षभर चंदनाचा लेप असतो आणि मूळ रूप वर्षातून एकाच दिवशी दिसतं. तो दिवस अक्षय्य तृतीया. म्हणजे आपली आखाजी! आता त्या म्हणतात तेव्हाच जाऊ. सासरे म्हणतात, आखाजीला घरात घागर कोण भरणार, पितरांना काय विझागचा पत्ता द्यायचा? घरात दोन दिवस अबोला आहे.

अमळनेरची ताई

सासऱ्यांची बाजू घ्या, आणि यात देवाचाही फायदा आहे.

खरंय ते. वराह-लक्ष्मी-नरसिंह. वर्षभर मूर्ती चंदनाच्या थराखाली असते, बघणाऱ्याला पिंडीसारखीच दिसते. अक्षय्य तृतीयेला चंदन उतरवतात आणि तेवढा एक दिवस निजरूप दर्शन. पण त्या दिवशी सगळा आंध्र आणि अर्धा ओडिशा डोंगरावर असतो. आम्ही तिथे राहून सात वर्षांत एकदाच गेलो. मध्यरात्रीपासून रांग, उन्हात पाय भाजून निघाले, आणि देवासमोर मोजून दोन सेकंद. गुडघे धरणाऱ्या माणसाचं काम नाही.

आखाजी घरी करा. झोके बांधा, सांजोऱ्या खा, आमरस-पुरणपोळी आटपून निघा. दोन-चार दिवसांनी सिंहाचलमला निवांत दर्शन होईल. बस वर देवळापर्यंत जाते. चंदनातला नरसिंह तरी कुठे आपल्या अमळनेरात बघायला मिळतो!

धुळेकर मास्तर

भीमिलीचा विषय निघालाच आहे म्हणून. त्या रस्त्यावर तोटलकोंडा चुकवू नका. किनाऱ्याला लागून टेकडी आहे, तिच्या माथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध विहाराचे अवशेष: स्तूपाचा गोल चौथरा, भिक्खूंच्या खोल्यांच्या ओळी आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी. त्या टाक्यांवरूनच टेकडीला हे नाव. आपल्या पितळखोऱ्याला ज्यांनी जीव टाकून पायऱ्या उतरल्यात त्यांना हे घरचं वाटेल. फरक एवढाच की आपल्याकडे भिक्खूंनी दरी निवडली आणि तिथे समोर समुद्र. बंदरात येणारी गलबतं त्यांना वरून दिसत असणार. शेजारची बावीकोंडा आणि पलीकडे अनकापल्लीजवळचं बोज्जन्नकोंडा हीही तशीच ठाणी, पण तुमच्या कुटुंबासाठी एक पुरे.

अट एकच: सकाळी आठच्या आत. टेकडीवर सावली नावाला नाही.

अनकापल्लीचं नाव घेतलं म्हणून आठवलं, तिथली गुळाची बाजारपेठ फार मोठी आहे. सासऱ्यांना अडत-बाजारात रस असेल तर अर्धा दिवस तिकडे घालवा. माझा एक मित्र समुद्र बघायला गेला आणि गुळाच्या ढेपा बघून आला, आजही तेच सांगतो.

शिरपूरचा बुलेटवाला

भो, हे सगळं मे महिन्याचं झालं. डिसेंबरवाल्यांनी पण काही लिहून घ्या.

आम्ही चार दोस्त डिसेंबरात गेलो होतो, विझागला बुलेट भाड्याने घेतल्या. लंबसिंगीला पहाट गाठायची तर रात्री दोनला शहर सोडावं लागतं. उंची हजार मीटरच्या आसपास, पण थंडीत पारा शून्याजवळ जातो, आंध्रात! बोटं हँडलला चिकटली होती. चहावाल्याच्या शेगडीला आम्ही चौघं असे बिलगलो की तो म्हणाला, आधी चहा तरी घ्या. साडेपाचला बघतो तर खाली दरीत ढग भरलेले आणि आम्ही वर. आपल्याकडे असं एकदा तोरणमाळला सीताखाईवर पाहिलं होतं, ऑगस्टात. पण ते पळणारे ढग, हे बसलेले. दोन तास हललेच नाहीत.

तिथून त्याच दिवशी आरकू करायचा प्रयत्न करू नका. आम्ही केला. दुपारी तीनला मी चालत्या गाडीवर झोपलो, बाकीचं सांगत नाही. हे दोन वेगळे दिवस आहेत. मुळात लंबसिंगी एकीकडे आणि आरकू दुसरीकडे.

आरकूला नोव्हेंबर-डिसेंबरात शेतंच्या शेतं पिवळी. सगळे फोटो काढत होते, मला वाटलं मोहरी. जवळ गेलो तर पान वेगळं. शेतकऱ्याला विचारलं, तो म्हणाला "वलिसे". दाणा चोळून दाखवला, काळा, बारीक, लांबट. अरे, हे तर आपलं कारळं! ज्याची आजी चटणी कुटते तेच. त्या फुलांत उभं राहून फोटो काढायचे पैसे घेतात तिथे. घरी फोन करून आईला सांगितलं तर ती म्हणे, आपण एक बिघा टाकू का मग?

पाटणादेवीवाला

शिरपूरवाले भाऊ, "बाकीचं सांगत नाही" म्हणजे?

शिरपूरचा बुलेटवाला

भाताच्या खाचरात पडलो. मऊ होतं. पुढे चला.

रावेरचा केळीवाला

कॉफीचं कुणी सांगितलं नाही अजून.

शिरपूरचा बुलेटवाला

सांगतो. अनंतगिरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उंच सिल्व्हर ओक, त्यांच्या बुंध्यावर मिरीचे वेल चढवलेले आणि खाली सावलीत कॉफी. एकाच जागेत तीन पिकं. आदिवासी शेतकऱ्यांच्या बागा आहेत, आरकूच्या अरेबिका कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तुमच्या जळगावच्या केळीला मिळालंय तसंच. गालिकोंड्याच्या पॉइंटवर टपरीत कॉफी प्या, दूध कमी सांगा. पावडर घेताना चिकोरी मिसळलेली आहे का ते विचारा, नाहीतर घरी येऊन म्हणाल कडू आहे.

जळगावकरीण

जाऊन आलो! आखाजी घरी केली, घागर भरली, मग निघालो. परवा रात्री जळगावात उतरलो आणि स्टेशनबाहेरच्या गरम हवेने तोंडावर थोबाडीत मारली. आता तुम्हा सगळ्यांचा हिशेब देते.

व्हिस्टाडोमच्या चारच जागा मिळाल्या. सासू-सासरे आणि पोरं तिकडे, आम्ही दोघं साध्या डब्यात. खरं सांगू? आमचा डबा जास्त चांगला होता. भाजीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, दर स्टेशनला चढणारा शेंगावाला, आणि उघडी खिडकी. बोगदा आला की अख्खा डबा ओरडतो, म्हातारी माणसंसुद्धा. थोरल्याने वहीत बोगद्यांच्या रेघा मारायला घेतल्या होत्या, पण एक बोगदा होता की पूल होता यावर बहिणीशी जुंपली आणि मोजदाद तिथेच बुडाली. काका, चिमिडीपल्लीच्या आसपास आमची गाडी थांबली आणि ती खनिजाची मालगाडी आली. तुमची आठवण काढून हे खिडकीतून डबे मोजत बसले. लाल-तपकिरी धूळ आमच्या खिडकीच्या गजांवरही आली.

बोर्र्याला दहाला आत होतो. गुहेचं तोंडच एवढं मोठं की त्यात आमची अख्खी गल्ली मावेल. खाली उतरायला पुष्कळ पायऱ्या, ओल्या, कठडा आहे. सासूबाई पंचवीस-तीस पायऱ्या उतरल्या आणि एका रुंद जागी बसल्या. म्हणाल्या, मला इथूनच दिसतंय, तुम्ही जा. आम्ही खाली पार पिंडीपर्यंत गेलो. गाईड टॉर्च मारून सांगतो, हा मेंदू, हे मशरूम, हे शंकर-पार्वती. थोरल्याला सगळीकडे डायनासोर दिसत होते. वरून लोंबणाऱ्या एका खांबाच्या टोकाला थेंब होता. धाकटी त्याच्याखाली हात धरून उभी. किती वेळ झाला तरी पडेना. आम्ही "चल चल" करत होतो, ती हलेना. शेवटी पडला, तळहाताच्या बरोबर मधे, आणि ती ओरडली ते वर सासूबाईंना ऐकू गेलं.

परत वर आलो तर सासरे म्हणाले, "अजिंठ्याला राजाने कारागीर लावले, इथे पाण्यानेच काम केलं." सासूबाई म्हणाल्या, "पाण्याला मजुरी द्यावी लागत नाही, म्हणून इतका वेळ लावला." अबोला तिथे सुटला.

गुहेबाहेर बांबू चिकन. हिरव्या बांबूच्या नळीत मसाला लावलेलं चिकन ठासायचं, तोंडाला पानांचा बोळा आणि नळी निखाऱ्यावर. तेलाचा थेंब नाही. बांबू चिरून पानावर ओततात, वाफेला ओल्या लाकडाचा वास असतो. ह्यांना फार आवडलं, पण तर्रीवर वाढलेला माणूस, चार घास झाल्यावर विचारलंच, "रस्सा नाही का?" सासूबाई माळकरी, त्यांना सकाळी शहरातून बांधून आणलेले पेसरट्टू दिले. उघडून बघतात तर, "अगं, हे आपलं मुगाचं धिरडं!" आल्याची चटणी मात्र त्यांनी घरी येऊन करून पाहिली.

गाडी ठरल्याप्रमाणे उभी होती. आरकूला दोनच गोष्टी केल्या: आदिवासी म्युझियम आणि पद्मपुरमची बाग. बाग दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना भाजी पुरवायला सुरू केली होती म्हणे. सासऱ्यांनी तिथे झाडाखाली आपला अर्धा तास पूर्ण केला. चापराईच्या खडकांवर जायचं राहिलं, राहू दिलं. पावणेचारला निघालो, घाटात वळवाची जोरदार सर आली, ड्रायव्हरने गालिकोंड्याला थांबवलं आणि कॉफी घेतली. धाकटी पुढच्या सीटवर, एकही उलटी नाही. आठला हॉटेलात होतो. त्याच हॉटेलातले अकरा ठिकाणंवाले आम्ही झोपलो तोवर आलेले नव्हते.

तोटलकोंड्याला साडेसातला गेलो, मास्तर. तासाभरातच चटके बसायला लागले पण वरून समुद्र फार छान दिसतो. तिथूनच पुढे भीमिली. गोस्तनी तिथे रुंद आणि संथ आहे, वाळूच्या पट्ट्यातून समुद्राला मिळते, होड्या ओढून ठेवलेल्या. सासूबाईंनी साडी वर खोचून पाय पाण्यात घातले आणि ओंजळ भरून आधी नदीच्या पाण्याला नमस्कार केला, मग समुद्राच्या. धाकटी विचारत होती, माझा थेंब इथे पोचला असेल का? थोरला म्हणाला, तो तू फ्रॉकला पुसलास.

सिंहाचलमचं दर्शन वीस मिनिटांत झालं. चंदनातलं.

चूक एकच झाली. घरून निघताना केळी घेतली होती, दोन डझन, वाटेत लागतील म्हणून. त्यातली डझनभर उरलेली बोर्र्याच्या पार्किंगला हातात पिशवी घेऊन उतरले. एक माकड आलं, पिशवीच घेतली, समोरच्या भिंतीवर बसलं आणि शांतपणे एकेक सोलून खाल्लं. बाकीची माकडं बघत राहिली, कुणाला एक दिलं नाही.

निवृत्त गार्ड, भुसावळ

वा ताई. शिमिलीगुडा राहिलंच ना?

जळगावकरीण

राहिलं काका. हे म्हणतात पुढच्या वेळी.

अमळनेरची ताई

आल्याच्या चटणीत गूळ घातलात का? त्याशिवाय ती पेसरट्टूची होत नाही.

रावेरचा केळीवाला

केळी कुठल्या बागेतली होती? आणि कॉफी?

जळगावकरीण

केळी तुमच्याच रावेरची. कॉफी पाव किलो आणलीय, चिकोरीशिवाय. जळगावला आलात की घेऊन जा.

रावेरचा केळीवाला

माकडाला मालाची पारख आहे. रविवारी येतो.